बंदुकांच्या कपाटात ठेवलेला खेळ

मिल फोर्क, केंटकी
सोमवार, ता. ७ नोव्हेंबर १९९४

प्रिय लोरेटाताई,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पार्सल पोचून सोळा दिवस झाले. लोकरीचे मोजे तीन जोड, सफरचंदाच्या मुरंब्याच्या दोन बरण्या (एकीला तडा) आणि ड्वेनला टीव्हीवर खेळायच्या खेळाची कॅसेट. टपालाचे चार डॉलर दहा सेंट गेलेले दिसले. मोजे बरण्यांभोवती गुंडाळले असतेस तर खोकं लहान होऊन डॉलरभर वाचला असता, आणि बरणीही. पोच लिहायला उशीर का झाला ते पुढे येईलच.

आम्ही सगळे देवाच्या दयेने बरे आहोत. चर्चचे नवे पाळक प्रार्थना फार लांबवतात.

त्या खेळाबद्दल लिहायचंच होतं. मी पूर्ण दहा मिनिटं पाहिला. चौदा माणसं मेली, मी मोजली. एकाचंही दफन नाही. आमची ट्विला, वय वर्षं सहा, भावाशेजारी बसून आता कोणाला मारायचं ते सांगत होती. मी तो खेळ तारांसकट उचलला आणि कुलपात घातला. घरात कुलूप लागणारं कपाट एकच, व्हर्ननच्या बंदुकांचं. शिवाय दोघांनी रोज बायबलचा एकेक अध्याय वाचायचा, अशी शिक्षा केली.

किल्ली मी आईच्या जुन्या बायबलात ठेवली, गणनेच्या पुस्तकात. तिथे नुसती शिरगणती आहे, तिथवर या घरात कोणी पोचत नाही. पण ड्वेन सगळ्यात छोटा अध्याय कुठे मिळतो ते शोधत पानं उलटत गेला.

गेल्या मंगळवारी दुपारी मी भोपळ्याचा गोड पाय भाजायचा म्हणून पारी लाटत होते. पारी छान झाली होती. ताई, हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा या पारीपाशीच थांबले.

बाहेरच्या खोलीतून खेळाचा आवाज आला म्हणून गेले. दोघं टीव्हीसमोर. आणि सोफ्यावर व्हर्ननची हरणांच्या शिकारीची बंदूक आडवी, नळीखाली उशी, अंगावर आईची गोधडी. नळीचं तोंड माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे.

"हळू बोल, आई," ट्विला म्हणाली, "तिला आत्ताच झोप लागलीय."

ड्वेनने मान वळवली नाही. "आम्हाला ती नकोच होती. खेळाच्या पुढे उभी होती, म्हणून बाजूला ठेवली."

संध्याकाळी व्हर्नन कामावरून आले, ऐकून हसले. गेल्या मोसमात आपण ती रिकामी करूनच ठेवली, चर्चच्या डीकनच्या घरात भरलेली बंदूक नसते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मग उघडून दाखवा. त्यांनी कडी मागे ओढली. गोळी बाहेर पडली आणि गालिच्यावरून घरंगळत ड्वेनच्या पायाशी थांबली. त्या पायात तुझेच मोजे होते.

जेवताना त्यांनी भोपळ्याच्या पायला हात लावला नाही. आमच्या संसारात असं प्रथमच झालं.

मी खोटी मेलेली माणसं मोजत बसले, आणि नऊ वर्षांत ड्वेनने ज्या कपाटाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याची किल्ली शोधायला त्याला मीच लावलं. आता बंदुका लोखंडी पेटीत आहेत आणि गोळ्या वेगळ्या डब्यात. दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात आहेत, अंघोळीलासुद्धा. खेळ शनिवारी अर्धा तास, मी शेजारी बसून. त्यात मी ट्विलापेक्षा लवकर मरते.

आता जे विचारायला बसले ते. थँक्सगिव्हिंगला आम्ही तुझ्याकडे येणार. हार्लनभाऊजींचं पिस्तूल गेल्या वर्षी उशाजवळच्या खणात होतं, पेपरमिंटच्या वड्यांशेजारी. त्या वड्या कुठे असतात ते ट्विलाला ठाऊक आहे. भाऊजी म्हणतील, हिचा आमच्यावर विश्वास नाही. त्यांना सांग, माझा माझ्यावरच राहिलेला नाही.

ते कुठे आहे, भरलेलं आहे का, कुलपात आहे का, हे त्यांना विचारून नको, तू स्वतः उघडून बघ आणि उलट टपाली कळव. तुझं पत्र हातात पडेपर्यंत मी मुलांना गाडीत बसवणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
आयरीन