झाडांविषयी बोलणाऱ्या बायकांचे आवाज

मी, सुलोचना मधुकरराव देवतळे, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार सेलू, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात माझ्याशिवाय कोणी राहत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. सेलूचे राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझा एकुलता मुलगा चि. गजेंद्र यास मिळावे. तो पुण्याला असतो, तेव्हा घर विकेल. खुशाल विकावे. मात्र कुंपणावरचा काटवलाचा वेल घेणाऱ्याला दाखवून द्यावा. उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, कंद जमिनीत असतो, आणि लोक मेला समजून जागा खणून काढतात.

२. माझ्या पाटल्या व एकदाणी सून सौ. रक्षा हिला द्यावी. तिने कधी मागितली नाही, म्हणून.

३. माझा संगणक व त्यातील संग्रह यांविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

माझे यजमान सत्त्याण्णव साली ज्येष्ठात गेले. त्यांच्या थोरल्या बहिणीशी, सिंदीच्या आनंदाबाईंशी, माझे लग्नापासून पटले नव्हते. त्यांच्या लेखी मी पुस्तकातली बाई, आणि माझ्या लेखी त्या तोंडाळ. तेरवीनंतर त्या राहिल्या. एका सकाळी त्यांनी अंगणातला कोवळा तरोटा खुडला आणि भाजी निवडता निवडता स्वतःशीच बोलावे तसे त्यांच्या आजीविषयी बोलू लागल्या. फूल आल्यावर तरोटा का खाऊ नये, पोळ्याला दाराशी पळसाच्याच फांद्या का लावायच्या. मी टेपरेकॉर्डर आणून जवळ ठेवला.

“हे डबडं माह्या मागं बोलन काय वं?” त्यांनी विचारले.

“बोलेल.”

“मंग लाव.”

तेव्हापासून आम्ही दोघी विधवा एसटीने गावोगाव हिंडलो. बायका माझ्यापुढे अवघडत, आनंदाबाईंपुढे मोकळ्या होत. मी फोटो काढी. पुढे मी संगणक घेतला. वर्ध्यात संगणकाचा क्लास चालवणारे श्री. अंकित ढोबळे यांनी साऱ्या टेपा त्यात उतरवल्या. एकेका झाडाचा फोटो, त्याचे गावातले नाव, आणि त्याविषयी सांगणाऱ्या बाईचा आवाज.

आनंदाबाई दोन हजार चार साली वारल्या. त्यानंतर मी संध्याकाळी त्यांचा आवाज लावून जेवायला बसत असे. घरात कोणी बोलत असले की दोन घास जास्त जातात.

४. दोन हजार सहाच्या दिवाळीत गजेंद्र आला होता. मी बाजारात गेले असताना त्याने संगणक पुसून कोरा केला.

“आई, फार स्लो झाला होता. नवा करून दिला बघ.”

“आणि आत्याबाई?”

त्याला कळायलाच वेळ लागला. मग म्हणाला, “अगं, झाडांची नावं तर तुला पाठच आहेत ना.”

टेपा आधीच बुरशीने गेल्या होत्या. त्याने जाणूनबुजून केले असे मी आजही म्हणत नाही. पण त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढले नाही, आणि तो लक्ष्मीपूजनाआधीच परत गेला. आता फोनवर तब्येतीपुरते बोलणे होते.

मी पुन्हा गावोगाव गेले, या वेळी एकटी. एका दारात सुनेने विचारले, “काऊन आल्या मॅडम? सासूबाई तं होळीलेच गेल्या.” बऱ्याच दारांत असेच झाले. अंकित यांच्याकडे काही सीड्या निघाल्या, त्यामुळे निम्माअर्धा संग्रह हाती लागला. आनंदाबाईंचा तरोटा त्यात नाही.

५. उरलेल्या संग्रहाची एक प्रत सेलूच्या माझ्या शाळेला व एक अंकित यांना द्यावी. त्यांनी तो इंटरनेटवर ठेवावा. कोणीही फुकट ऐकावा. नागपूरच्या एका औषधवाल्याने मला म्हटले होते, “गप्पा काढून टाका, फक्त उपयोग द्या.” तसे कोणासही करू देऊ नये. झाडासोबत बाईचा आवाज, तिचे नाव आणि तिचे गाव राहिलेच पाहिजे.

६. साऱ्या संग्रहात माझा आवाज “बरं, पुढे?” एवढाच आहे, हे अंकित यांनी मागच्या महिन्यात लक्षात आणून दिले. “मॅडम, एक तुमी सांगा ना,” म्हणत त्यांनी माइक माझ्यापुढे ठेवला. मला सुरुवातच सुचेना. शाळेत समोर वर्ग असे. इथे सांगायचे कोणाला? शेवटी मी “गजू” अशी हाक मारली, आणि मग बोलता आले. लहानपणी तो मोहाची फुले वेचून खिशात भरायचा, शर्टाचा वास धुऊनही जात नसे, मी रागवायची, ते सारे सांगितले.

ती सीडी वेगळी ठेवली आहे. ती शाळेला देऊ नये, इंटरनेटवर घालू नये. ती गजेंद्रच्या हाती द्यावी. ऐकण्याची सक्ती नाही. माझे बोलणे संपल्यावर मी अंकित यांना मशीन लगेच बंद करू दिले नाही. पुढे बरीच जागा कोरी आहे. ती त्याच्यासाठी आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: सुलोचना मधुकरराव देवतळे

साक्षीदार:
१. शोभाबाई नत्थूजी उमाटे, शेजारी, सेलू
२. भैयाजी पांडुरंग झाडे, निवृत्त लिपिक, सेलू

स्थळ: सेलू, जिल्हा वर्धा
दिनांक: ११ ऑगस्ट २००८