शेवटचा डाव आईचा

आई, काल माझ्या मुलानं तो खेळ माझ्या मोबाइलवर शोधून काढला. तोच, माथेरानच्या बाजारातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानातला. पाठीवर बोचकं घेतलेला इवलासा माणूस डोंगर चढतोय आणि वरून धोंडे गडगडत येतायत. सोफ्यावर लोळत, जेवणाआधी त्यानं तो संपवूनही टाकला. "एवढंच? ह्यात आठवण काढण्यासारखं काय आहे?" म्हणाला. मला असा राग आला, की भाजी करपली तरी कळलं नाही. त्याचा तरी काय दोष? मोबाइलवर तो माणूस कितीदाही मेला तरी जागच्या जागी उठून उभा राहतो. आपल्याला तीनदाच मरायची मुभा होती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर डोंगर चढून वर यायचे. गाड्या जिथं थांबतात त्या दस्तुरीवरून तू पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन हॉटेलांपर्यंत न्यायचीस. दुपारी पाहुणे झोपले की गेमवाल्या शेठला पाण्याची कळशी भरून द्यायचीस, आणि तो आपल्याला एक खेळ फुकट खेळू द्यायचा. पहिल्या दिवशी पडद्याकडे बघून तू कपाळावर हात मारलास. "दिवसभर वझी व्हायची, आन दुपारच्यालाबी ह्येच बघायचं व्हय गं?" पण आठवडाभरात तूच माझ्या आधी दुकानात! वाटणीही तूच ठरवलीस, "पैले दोन डाव तुजे, शेवटचा माजा." मी घाई करून मरायचे. तू मात्र धोंडा आला की त्या माणसाला खडकाला चिकटवून उभं करायचीस. घोडा आला की तू स्वतःही वाटेच्या कडेला अशीच व्हायचीस. तरी तिसऱ्या डोंगरावरचा पूल आपल्याला कधी ओलांडता आला नाही. एकदा पुलाच्या मधोमध मेले म्हणून मी यंत्राला लाथ घातली, तर तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "त्याच्यावर कशाला राग काढतीस? वझं हाय त्याच्या पाठीवर. चुकनारच की तो." घरी उतरताना वाटभर आपलं तेच चालायचं, पुलापलीकडे काय असेल. मी म्हणायचे, राजवाडा. तू म्हणायचीस, "राजवाडा कशाला? वझं टेकवायला पार असंल झाडाखाली. बसंल जरा बापडा."

पावसाळ्यात वरची दुकानं बंद व्हायची आणि तू खाली लावणीला जायचीस. त्या वर्षी लावणी अर्धी टाकून तू अंथरूण धरलंस. कावीळ. तापातसुद्धा म्हणालीस, "दिवाळीला दुकान उगडू दे, ह्या बारीला पूल वलांडू." श्रावण सरायच्या आत तू गेलीस. दिवाळीत मी एकटीच वर गेले, कळशी भरून दिली. शेठनं यंत्र चालू केलं. मी दोन डाव खेळले, मेले, आणि सवयीनं बाजूला सरकले. यंत्राचा दांडा कुणीच धरला नाही. तो माणूस पायथ्याशी नुसता उभा, बोचक्यासकट. पहिलाच धोंडा त्याला घेऊन गेला. तुला पोचवताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्या दिवशी यंत्राला कवटाळून रडले. शेठ म्हणाला, "रडू नको पोरी, आनखी एक खेळ." मी पळत सुटले ते थेट खाली.

लोक म्हणतात, जुने खेळ अवघड होते म्हणून त्यांची मजा. मजा कसली, आई! सोपा असता तर पहिल्याच दिवशी जिंकलो असतो, आणि दुसऱ्या दुपारी तू सावलीला जाऊन आडवी झाली असतीस. त्या पुलानं अडवलं म्हणून मला तुझ्या तेवढ्या दुपारी मिळाल्या.

काल मुलाला विचारलं, पुलापलीकडे काय आहे रे? "काही नाही गं. पुन्हा पहिलाच डोंगर, फक्त धोंडे जोरात येतात." त्यानं खेळून दाखवलं, मी डोळ्यांनी पाहिलं. पार नव्हता. ओझं पाठीवरच होतं.

हेच तुला कळवायला लिहायला घेतलं होतं. आता वाटतं, नकोच. हे पत्र माझ्याजवळच राहू दे. आज मुलगा शाळेत गेल्यावर मी तो खेळ तीनच डावांवर लावून खेळले. दोन डाव मेले. तिसऱ्याला हात लावला नाही. हल्ली खेळ मध्येच थांबवून ठेवता येतो. तो पायथ्याशी उभा आहे, धोंडा वरच थबकलाय. मोबाइल ओट्यावर ठेवलाय, आणि खरं सांगू, मी मघापासून जरा बाजूला सरकूनच उभी आहे.