बिजाचं तेल आणि ओकसिलचं पाकीट

प्येंगदे, जेजू बेट
१९६६, दहाव्या चांद्रमासाची पौर्णिमा

ओकसिलच्या आईस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. जव पेरून झालं, वारा छप्पर उपटायला टपलाय, डुक्कर माजलंय. ओकसिल मजेत. तू बुसानच्या कारखान्यात दिवसभर रबरी बूट चिकटवतेस, वेळेवर जेवत जा.

तुझं पत्र मीच वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. ‘पुढच्या तपासणीतही पोरीच्या पोटात जंत निघाले तर येऊन घेऊन जाईन, तुमच्या त्या घाणीत ठेवणार नाही.’ छान लिहितेस. त्याच घाणीवर, संडासाच्या खतावर, पिकलेला कोबी खाऊन तुझा नवरा बैलासारखा वाढला. त्याला समुद्रानं नेलं, जंतांनी नाही.

मजेत लिहिलं खरं, पण उन्हाळ्यात नव्हती. हातपाय काड्या, पोट नगारा. शाळेतली जंतांची गोळी दिली तर म्हणे, “आजी, आभाळ पिवळं दिसतंय,” आणि भडाभडा ओकली. एकदा जेवताना तोंडातून जंत आला. मी तो चिमटीत धरून चुलीत टाकला आणि म्हटलं, “गप जेव.”  रात्रभर तिच्या उशाशी बसले.

मग बिजाच्या झाडाखाली गेले, जंतांवरचं आपलं जुनं औषध तेच. फळं वेचली, गर कुजवून धुतला, बिया वाळवल्या, भाजल्या, कुटल्या, दाबून तेल काढलं. वास असा की आपलं डुक्करही मान फिरवेल. पोरीनं दात आवळले.

“आधी तू पी.”

“माझ्या पोटात नाहीत जंत.”

“मग भितेस कशाला?”

तुझीच जीभ! प्याले. रोज सकाळी अनशापोटी, दोघी. तिचे जंत पडले. माझेही पडले. हे शेजारच्या मल्सुनला कळलं तर तुझी खैर नाही.

पुढच्या तपासणीला शाळेनं पुन्हा पाकिटं वाटली, शौचाचा नमुना आणायला. ओकसिलचं पाकीट साफ निघालं. मल्सुन लगेच कुंपणावरून, “कुणाचं भरून दिलंस गं? कुत्र्याचं?” गेल्या वर्षी तिच्याच नातीनं कुत्र्याचं दिलं होतं, आणि कुत्र्याच्या जंतांपायी बिचारीला गोळ्या गिळाव्या लागल्या!

मी पोरीला धरून थेट शाळेत. “बू मास्तर, ही आत्ता इथल्या संडासात बसेल. तुम्ही दाराशी उभे राहा.” मास्तर लालेलाल. पण राहिले उभे. पाकीट गरम गरम त्यांच्या हातात दिलं.

काल निकाल सगळ्या वर्गासमोर वाचला. जंताचं एकही अंडं नाही! ओकसिल घरापर्यंत ओरडत आली. मल्सुनच्या दाराशी जरा थांबून ओरडली. ते मी शिकवलं होतं.

म्हणजे तुझ्याच शब्दाप्रमाणे पोर इथंच राहणार. जिंकले मी.

आता ऐक. ती रोज दगडी कुंपणावर चढून बुसानला जाणाऱ्या बोटीकडे बघते. विचारलं तर म्हणते, पक्षी बघतेय. आजारी पोर उचलायला आली असतीस तर तुला दारातूनच हाकललं असतं. धडधाकट पोर न्यायला ये, नव्या वर्षाच्या आधी.

तुझ्यासाठीही एक बाटली भरून ठेवलीय. तिकडचा कोबी काय आभाळात पिकतो? पोरीसमोर आधी तू पी. तोंड वाकडं करू नकोस. मी केलं नव्हतं.

पोट साफ असलेली,
ओकसिलची आजी