लाल शाईतला गुरुवार

मंगळवार, ता. ३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तू कबूल करत नाहीस, म्हणून पत्र. बातमी चांगली आहे. मला काम मिळतंय! कारखान्यांना माणसं पुरवणारी एक एजन्सी आहे. कपड्यांच्या ज्या कारखान्यात पॅटर्न कापणारं कुणी कमी पडेल, तिथे ती मला पाठवणार. कायमची नोकरी नाही, लागेल तसं काम. सुरुवात तेवीस तारखेला. जुना कारखाना बंद पडल्यापासून सात महिने मी घरात बसून उगाच बाह्या कापतेय. बाबांच्या तीन सदऱ्यांना आता नऊ बाह्या झाल्या आहेत.

फक्त करारावर सही राहिली आहे. दोन प्रती आल्यात, त्यातली एक सोबत पाठवते. अठ्ठावीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका काढल्यास, आता जरा घरच्यांसाठी काढ. माझं घोडं अडलंय सातव्या कलमापाशी. एजन्सी सांगेल त्या दिवशी हजर राहणं बंधनकारक, दोनदा नकार दिला की करार रद्द. आणि बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे जायचा वार गुरुवार. पक्षाघाताचा झटका आल्यापासून वर्षभरात एकही गुरुवार आम्ही चुकवलेला नाही. एकदा शेजारच्या काकूंबरोबर पाठवलं होतं, तर तासभर भिंतीकडे तोंड करून बसले, एक शब्द काढला नाही. एजन्सीतल्या बाईंना मी हे भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या की गुरुवारचं त्या लक्षात ठेवतील. बोलायला गोड आहेत. तेव्हा करून टाकू ना सही?

चुका काढ, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी

शनिवार, ता. ७

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मला चांगलं ऐकू येतं. तू पुटपुटतेस.

करार नेहमीसारखा शेवटच्या पानापासून उलटा वाचला. सरळ वाचलं की डोळा भुलतो आणि मजकूर गोड वाटायला लागतो, तुझ्या त्या बाईंसारखा. लाल शाईने खुणा करून प्रत सोबत परत पाठवतेय. तिसऱ्या कलमात एकच वाक्य नऊ ओळी चाललंय, तिथे समासात लिहिलंय की वाचणाऱ्याला श्वास घेऊ द्या. नवव्यापाशी विचारलंय की हे लिहिणाऱ्याला घरदार आहे का. ते सगळं तुला हसवायला. सातवं मात्र गमतीत घेऊ नकोस. तिथे मी लिहिलंय, ‘गुरुवार वगळून. या मुलीचे वडील गुरुवारी बोलायला शिकतात.’ हे नीट भाषेत त्यांना लिहून कळव आणि करारात आलं की मगच सही कर.

बाई लक्षात ठेवतील, मान्य. पण बाईच उद्या दुसरीकडे गेल्या तर त्यांचं लक्षात ठेवणारं डोकंही त्यांच्याबरोबर जाईल. हे मी उगाच म्हणत नाही. आईच्या आजारपणात कधीही जा, असं मला छापखान्याच्या मालकांनी तोंडी सांगितलं होतं. मग मालक बदलले. नव्यांनी विचारलं, असं कुठे लिहिलंय? मी चार दिवसांनी पोचले तेव्हा आईचं बोलणं थांबलं होतं. दादा होता तिच्याजवळ, मी नव्हते. ते मला अजून सलतं गं.

कापड कापताना शिवणीसाठी दोन बोटं जागा सोडतेस, तशी स्वतःसाठीही सोड.

दादाला सांग, नऊ बाह्या म्हणजे चैन आहे. लोभ आहे तेवढा पुरेसा आहे, तू झोप वाढव.

तुझी,
आत्या

गुरुवार, ता. १२

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांच्या वर्गाबाहेरच्या बाकावरून लिहितेय. आतून ‘प’ ऐकू येतोय. गेल्या महिन्यात ‘प’ नव्हता.

आधी कबुली देते. मी तुझं ऐकलं नाही. दोन दिवस पत्राचा मसुदा करत होते, प्रत्येक वेळी वाटायचं की काम सुरू व्हायच्या आधीच अटी घालणारी बाई कोण ठेवून घेईल? सात महिन्यांनी दार उघडलंय आणि मीच ते लावून घ्यायचं का? शेवटी मंगळवारी कोऱ्या प्रतीवर मुकाट्याने सही केली.

आता पुढचं ऐक. त्याच वेळी दारात कुरिअरवाला आला आणि माझे हात खळीने भरलेले होते. बाबांना सांगितलं की टेबलावरचा करार पाकिटात घालून द्या. त्यांनी दिला. काल सकाळी पेपर उचलला तर त्याखाली माझी सही केलेली प्रत! म्हणजे गेली ती तुझी लाल प्रत. नऊ ओळींचा श्वास, घरदार, सगळं गेलं. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालंय.

पण कामापेक्षा बाबांचीच काळजी जास्त वाटते. ज्यांनी टपालखात्यात तीस वर्षं पत्रांची वर्गवारी केली आणि एक पाकीट चुकवलं नाही, त्यांना दोन कागदांतला फरक कळू नये? मी रागावले नाही. फक्त यापुढे कागदपत्रं त्यांच्या हाती द्यायची नाहीत असं ठरवलंय.

रागावायचं तर लाल शाईने रागाव, पण लगेच लिही.

तुझी,
भिंगरी

रविवार, ता. १५

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रागावले होते, मग इतकी हसले की चष्मा पुसावा लागला. गेलेल्या प्रतीवर तुझी सही नाही, म्हणजे तू अजून कशालाच बांधलेली नाहीस. सही केलेली प्रत पाठवायची घाई करू नकोस. त्यांचं उत्तर येऊ दे.

आणि दादाला कागदांपासून लांब ठेवू नकोस. माणसाकडून काम काढून घेतलं की त्याला ते लागतं, बोलता येवो न येवो.

उत्तराची वाट बघणारी,
आत्या

शुक्रवार, ता. २०

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, झालं! बुधवारी त्या बाईंचा फोन आला. त्यांनी आधी विचारलं की लाल शाईवाल्या कोण. म्हटलं, आत्या. त्या म्हणाल्या की प्रत ऑफिसभर फिरली आणि तिसरं कलम वाचताना त्यांच्या साहेबांना खरोखरच मध्ये श्वास घ्यावा लागला. सातव्यापाशी मात्र कुणी हसलं नाही म्हणे. बाईंनी कबूल केलं की पुढच्या महिन्यात त्यांची दुसऱ्या शाखेत बदली आहे, लिहून घेतलंत ते बरं केलंत.

काल नवा करार आला. सातव्यात स्वच्छ लिहिलंय की गुरुवारी काम दिलं जाणार नाही आणि तो नकार धरला जाणार नाही. नववं त्यांनी जसंच्या तसं ठेवलंय, तेव्हा लिहिणाऱ्याला घरदार नसावं. मी उलटा वाचला, दोनदा. मग सही केली. सोमवारी कामावर.

नुसत्या एका चुकीमुळे हे झालं, आत्या. बाबांना सांगितलं तर त्यांनी फक्त मान हलवली आणि पेपरात तोंड घातलं. त्यांना कितपत कळलं कोण जाणे.

तुला लाल शाईची नवी बाटली पाठवते, तिच्यात माझा नमस्कार धर.

तुझी,
भिंगरी

गुरुवार, ता. २६

चि. धाकटीस,
अ. आ.

डाव्या हाताने लिहितोय. हसू नकोस. सकाळपासून एवढंच झालं.

लाल कागद चुकून गेला नाही. मी घातला. सहीचा वाचला होता. त्यात गुरुवार नव्हता. ती घाबरली होती. तोंडाने सांगायला मला वेळ लागतो, कुरिअरवाला थांबला नसता.

तीस वर्षं टपालाची वर्गवारी केली. कुठला कागद कुठे जायला हवा ते अजून कळतं.

भिंगरीला सांगू नकोस. मला म्हणता येईल तेव्हा मीच सांगेन.

आज ती बरोबर होती. मी आपल्या आईचं नाव घेतलं. तिसऱ्या वेळी पुरतं आलं.

पत्ता मीच घातलाय. पोचलं की कळव.

दादा