तुझ्या बंगल्यातलं बाथरूम

आई, आज मी तुझ्या बंगल्यावर जाऊन आले. निगडीच्या प्राधिकरणातला, कोपऱ्यावरचा, दुमजली. आपण त्याला तुझाच बंगला म्हणायचो. दादा तर शाळेत बिनधास्त सांगायचा, आमच्या आईचा बंगला आहे म्हणून, आणि ते अगदीच खोटं नव्हतं, तिथली फरशीन् फरशी मालकिणीपेक्षा तुला जास्त ठाऊक होती. तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी कधी एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता तरी कुठं येत होतं. पण आता संध्याकाळचे सात वाजलेत, मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय आणि टाइल्सचे नमुने पिशवीसकट दारात पडलेत. तुझ्या जावयांना सांगावं तर ते म्हणणार, एवढं काय त्यात, तेव्हा असंच असायचं. म्हणून तुलाच सांगते, पहिल्यापासून.

आमच्या मोशीच्या फ्लॅटचं बाथरूम नवं करायचं घाटतंय. खालच्या मजल्यावर ओल उतरलीय, खालच्या काकू दिसल्या की मी जिना बदलते, म्हणजे आता करणं भागच आहे. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, म्हणून सगळी कामं आजच उरकायची ठरवली. चाकणला मी दिवसभर पार्ट तपासते, केसाएवढी चीर दिसली तरी माल परत पाठवते, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरच्या मोबाइलमधले फोटो बघून मी हो म्हणणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, केलेलं काम डोळ्यांनी दाखवा. तो म्हणाला, "दाखवतो की मॅडम. प्राधिकरणात आताच एक उतरवलंय, एक नंबर. म्हाताऱ्या बाई एकट्याच असतात, त्यांना कुणी आलेलं आवडतं." पुढं म्हणाला, "पण एक सांगून ठेवतो, पंधरा दिवस बाथरूम बंद राहणार, तुमची सोय बघा." सोय मी सकाळीच केली होती. समोरच्या वहिनींना आमच्या दारातूनच विचारलं, काम चालू असेपर्यंत तुमचं वापरू का, आणि विचारताना माझी जीभ इतकी अडखळली की त्याच हसल्या. आमच्याकडे सहा वर्षं कामाला येणारी बाई तेव्हा फरशी पुसत होती. तीही हसली, "ताई, एवढं काय लाजता?"

त्याची मोटारसायकल पुढं, माझी स्कूटर मागं. चौकातून वळलो, मग दुसरी गल्ली, आणि माझ्या लक्षात आलं की रस्ता मला पाठ आहे. फाटक बदललंय, रंग बदललाय, पण जिन्याची ती गोल कमान तीच. मला आधी काय वाटलं सांगू? आनंद झाला. मी चक्क फुगले. म्हटलं, बघ आई, तू मागच्या बोळातून जायचीस, मी पुढच्या दारानं चाललेय, आणि कॉन्ट्रॅक्टर माझ्यासाठी दार धरून उभा आहे. मनात ठरवूनही टाकलं, आत्ताच काही बोलायचं नाही. चहा होऊ द्यायचा, गप्पा होऊ द्यायच्या, आणि उठता उठता सांगायचं, मी तुमच्याकडे कामाला होत्या त्या बाईंची मुलगी. मग बाईंचा चेहरा बघायचा. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, पण लहान पोरीसारखी हुरळून आत गेले.

तुझ्या बाई आता पार वाकल्यात. वॉकर धरून चालतात. मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, आठ वर्षांची असताना पाहिलेलं. बोलायला मात्र गोड, अगदी गोड. हाताला धरून त्यांनी मला बाथरूम दाखवलं. भिंतीला धरायच्या दांड्या, बसून अंघोळ करायला घडीची खुर्ची, पाय न घसरणारी फरशी. मी सांधे बघितले, उतार बघितला, काम खरंच चांगलं होतं. मग कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मागं धुण्याच्या जागेत पण एक छोटं टॉयलेट काढून दिलंय, कामवाल्या बायकांसाठी." त्यावर बाई हसल्या. म्हणाल्या, "करावं लागलं हो. हल्लीच्या बायका आल्या आल्या आधी तेच विचारतात. पूर्वी असं नव्हतं. माझ्याकडे एक होती, चाकणकडची. अठरा वर्षं होती. सकाळी सातला यायची ती दोन-अडीचपर्यंत, पण धुण्यापुरतं सोडलं तर आमच्या बाथरूममध्ये तिनं कधी पाऊल ठेवलं नाही. चहा घे म्हटलं तरी नको, पाणी घे म्हटलं तरी नको. इतकी शहाणी. मी पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं होतं, परत कधी सांगावं लागलं नाही."

आई, त्या हे कौतुकानं सांगत होत्या. त्यांच्या आवाजात माया होती. मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, दुसऱ्या कुणाबद्दल तरी चाललंय. तेवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, "एकदा तिची मुलगी गुपचूप जाऊन आली आत. लहान होती. मी काही बोलले नाही हं. पण हिनंच पोरीला फाडकन् एक दिली आणि सगळं बाथरूम फिनेल घालून दोनदा धुतलं. स्वाभिमानी होती." मी तिथंच उभी होते, नव्या फरशीवर, आणि माझा गाल तापला. खरंच तापला. ती दिवाळीची सुट्टी होती. तू स्वयंपाकघरात चकलीच्या तेलाची कढई घासतेयस, मला जोराची लागलीय, आणि मी आतल्या खोलीतून जाते. निळ्या टाइल्स, टांगलेली साखळी, मी ती ओढते आणि पाणी कसं गरागरा जातं ते बघत उभी राहते. बाहेर येते तर तू दारात. तुझा हात फेसानं भरलेला होता, माझ्या कानात साबण गेला. 'लेकरू हाय बाई, चुकलं,' असं तू कुणाला तरी म्हणत होतीस. मी आजपर्यंत तो किस्सा हसत हसत सांगत आले. साखळी ओढली म्हणून आईनं मला मारलं. कंपनीच्या कँटीनमध्ये सांगितलाय, तुझ्या जावयांना लग्नानंतर आठ दिवसांत सांगितलाय. सगळे हसायचे, मीपण.

चहा आला. कपबशीत, बिस्किटांसकट. मी प्याले, वर तांब्यातलं पाणीही प्याले, कारण तोंडाला काहीतरी काम हवं होतं. सांगायचं ठरवलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. सकाळपासून मी घराबाहेर होते, मला जायची गरज होतीच. बाईंच्या ते लक्षात आलं असावं, म्हाताऱ्या माणसांना कळतं. म्हणाल्या, "जाऊन या ना आत, संकोच कसला." मी आत गेले नाही. का ते मला सांगता येणार नाही. राग म्हणावा तर राग नव्हता. माझे पायच तिकडं वळले नाहीत. "नको, काही नाही, बाथरूम छान झालंय," असं म्हणून मी निघाले. त्यांनी फाटकापर्यंत येऊन हात हलवला.

कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या साइटवर गेला आणि मला यादी देऊन त्यानं थेरगावला पिटाळलं, डांगे चौकाजवळच्या त्याच्या ओळखीच्या दुकानात. टाइल्स आजच पसंत करा, म्हणाला, नाहीतर काम लांबेल. दुकान भलं मोठं. खालच्या मजल्यावर ओळीनं कमोड मांडलेले, पन्नास तरी असतील, भिंतीला लटकणारे, जमिनीवरचे, काळे, पांढरे, एक तर सोनेरी नक्षीचा. विकणारा एकेकाचं झाकण उघडून दाखवतोय, हे आपोआप बंद होतं मॅडम, हे कमी पाण्यात चालतं मॅडम, आणि मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होतेय. शेवटी लाज सोडून विचारलं, इथं टॉयलेट कुठं आहे. तो गडबडला. म्हणाला, "मागं एक आहे, पण ते जेन्ट्सचं हाय मॅडम, तुम्हाला न्हाई जमणार. आणि यातलं कशालाच कनेक्शन न्हाई." पन्नास कमोडांच्या मधोमध मी दीड तास उभी राहिले. ग्लॉसी की मॅट विचारलं, मी हो म्हटलं. पांढरी की राखाडी विचारलं, तरी हो म्हटलं. केसाएवढ्या चिरेवर माल परत पाठवणारी मी, आज काय पसंत करून आले ते उद्या पिशवी उघडल्यावरच कळेल.

तिथून मोशीपर्यंत पाऊण तास, आणि रस्त्याचे खड्डे तुला काय सांगू. प्रत्येक खड्ड्याला ओटीपोटातून कळ वर येते. डोळ्यांत पाणी. मी एक दिवस दाबून धरलं, तेही चार तास, आणि मला सिग्नलला पाय टेकवणं नको झालं. तू अठरा वर्षं हे केलंस. आणि आम्ही कसे होतो? तू दुपारी घरी यायचीस, पिशवी उंबऱ्यावर टाकायचीस, कुणाशी चकार शब्द न बोलता डबा उचलून चाळीच्या संडासाकडं निघायचीस. मी मार्कांचा कागद घेऊन आडवी आले की 'बाजूला हो' म्हणून ढकलायचीस. दादा मागून ओरडायचा, आईची गाडी डायरेक्ट सुटली रे. आम्ही खदाखदा हसायचो. मग तुला ती थंडी वाजून येणारी आजारपणं सुरू झाली, वर्षातून तीनदा, चारदा, आणि मी तुला बोलत राहिले. पाणी पीत नाहीस, ऐकत नाहीस, हट्टी आहेस. 'मला न्हाई लागत तहान,' एवढंच तुझं उत्तर. शेवटी मूत्रपिंडं गेली तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं होतं, "लघवी दाबून ठेवायची सवय होती का, मावशी?" आणि तुझ्याऐवजी मीच बोलले होते. म्हटलं, छे हो, पाणीच पीत नाही ती, लहानपणापासून बघतेय मी, खोडच आहे तिची. तू खिडकीबाहेर बघत होतीस. तू मला खोडून काढलं नाहीस. का नाही काढलंस, आई? त्या पलंगावरही तुला लाज वाटत होती, की मला ऐकवून काय उपयोग असं वाटलं? हे मी आता कुणाला विचारायचं?

घरी आले, दार उघडंच होतं. चपला न काढता, पिशवी टाकून सरळ आत पळाले. बाहेर आले तर स्वयंपाकघरात आमची बाई संध्याकाळची भांडी घासत उभी. सकाळी आमच्याकडून सुरुवात करते, मग आमच्याच सोसायटीत आणखी चार घरं, आणि सहाला परत आमच्याकडे. तिच्या पाठीकडं बघत मी भिंतीला टेकले. सहा वर्षं, आई. सहा वर्षांत मी तिला आमच्या बाथरूममधून बाहेर येताना एकदाही पाहिलं नाही, हातात ब्रश असल्याशिवाय. मी तर पहिल्या दिवशीही काही सांगितलं नव्हतं. सांगावंसुद्धा लागलं नाही. मी म्हटलं, "अगं, तू दिवसभर जातेस कुठं?" तिला आधी कळेचना. कळल्यावर ती मान खाली घालून हसली. मी म्हटलं, "हे बघ, आमचं वापरत जा. आत्तापण, आणि नवं झाल्यावरपण. माझं ऐक." तिनं नळ बंद केला, माझ्याकडं नीट बघितलं, मी खरंच म्हणतेय का ते तपासल्यासारखं. मग म्हणाली, "नको ताई. मला नाय लागत. सवय हाय," आणि नळ परत सोडला.

मी तिथंच आग्रह करायला हवा होता. तिला हाताला धरून न्यायला हवं होतं, दार दाखवायला हवं होतं, कडी दाखवायला हवी होती. तुझी मुलगी असून एवढंही जमलं नाही. भांडी झाली, ती गेली, मी तिला परत विचारलं नाही. तू हे वाचणार नाहीस, म्हणूनच लिहितेय. तिनं नको म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं.