दोन टपल्या

हॅलम्स वेल, दक्षिण ऑस्ट्रेलिया
१४ मार्च २०१२

प्रिय रोवी,

डेस काकाचा आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. तीन वर्षांत तुला नाताळचं साधं कार्डही धाडलं नाही मी. होबार्टला आता गारवा सुरू झाला असेल. इथे अजून छपराच्या पत्र्यावर अंडं तळता येईल.

इकडचं म्हणशील तर पोस्टातल्या मॅव्हिसने गुडघा बदलून घेतला, त्यामुळे आता खिडकीतून उठून माणसाच्या मागे धावत भांडते. आपला कुत्रा बिस्किट अजून आहे. एका डोळ्याने दिसत नाही त्याला, पण कुणी सॉसेज भाजायला घेतलं की पहिला हजर. पाऊस नाही. मिठाचं तळं कोरडं ठणठणीत पडलंय.

तुझं शेवटचं पत्र चहाच्या डब्यामागे ठेवलंय. एकाच ओळीचं. 'काका, बाबांना परत यायचं होतं का?' तुझा बाप गेला तेव्हा तुझी आई जाऊन आठ महिने झाले होते, आणि एरॉलने सुरक्षेची दोरी बांधलीच नव्हती असं पोलिसांच्या अहवालात आलं होतं. त्यावरून तुझ्या मनात काय आलं ते मला कळलं होतं. तरी मी उत्तर दिलं नाही. आज देतो, पण माझ्या पद्धतीने, जरा आडवळणाने. सरळ सांगायला गेलो तर हात थांबतो.

तो ज्यावर गेला ते घरी बनवलेलं जेट इंजिन तू पाहिलं नव्हतंस. भंगारातल्या ट्रकचा टर्बो, त्याला एरॉलने जोडलेली पोलादी नळी, मागे कॅरिअरवर शेगडीचा गॅस सिलिंडर. सुरू करायला पालापाचोळा उडवायचं यंत्र त्याच्या तोंडाशी धरायचं. आणि हा सगळा जामानिमा कशावर, तर तुझ्या आईच्या टोपलीवाल्या सायकलवर! कशासाठी विचारशील तर कशासाठीच नाही. मजा म्हणून.

"तिने बघितलं असतं तर हे इंजिन तुझ्या डोक्यात घातलं असतं," मी म्हटलं.

"छट्! टोपलीत बसली असती," एरॉल म्हणाला आणि पोट धरधरून हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

दोरीची गोष्ट अशी. एक टोक बसणाऱ्याच्या मनगटाला, दुसरं गॅसच्या खिट्टीला. हाताला हिसका दिला किंवा माणूस पडला की खिट्टी निघते आणि इंजिन बंद. हेल्मेट आणि जाड हातमोजे चढवल्यावर बसणाऱ्याला स्वतःचं काही तपासता येत नाही. म्हणून आमच्या शेडचा नियम होता, बसणाऱ्याने मागे बघायचं नाही. दुसऱ्याने सगळं बांधायचं, तपासायचं आणि हेल्मेटवर दोन टपल्या मारायच्या. म्हणजे सगळं ठीक आहे, जा.

आता पुढचं ऐक, आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं लगेच म्हणू नकोस.

एरॉल गेला त्याच वर्षी, एका गुरुवारी सकाळी तळ्याकडून आवाज आला. आधी फुसफुस, मग शिट्टी, मग कानात शिरणारी ती किंकाळी. तो आवाज दुसऱ्या कशाचाही नसतो. मी बाहेर धावलो. तळं रिकामं. मोडकं इंजिन माझ्या शेडमध्ये गोणपाटाखाली, आणि सिलिंडर तर मी कधीच देऊन टाकला होता. आवाज लांब लांब गेला आणि विरला. त्यानंतर बरेच गुरुवार तेच. दुसऱ्या वर्षी तो लांब जाईना, एका जागी थांबून राही. या उन्हाळ्यापासून तो जवळ येतोय.

"डेस, पुन्हा पेटवलास का तो राक्षस?" मॅव्हिसने मागच्या महिन्यात विचारलं. "टपाल टाकताना तुझ्या फाटकाशी ऐकला."

"पाण्याचा पंप असेल."

"पंप? मग तुझा कुत्रा थरथरत माझ्या गाडीत का येऊन बसला?"

गेल्या गुरुवारी मी शेडमध्ये होतो. आवाज फाटकातून आत आला, दारापर्यंत आला आणि खिट्टी ओढल्यासारखा गप्पकन थांबला. मग दाराच्या पत्र्यावर दोन टपल्या पडल्या. हलक्याच. मी मारायचो तशा. दार उघडलं तर बाहेर नुसतं लख्ख ऊन. उंबऱ्यावर ओलं मीठ होतं.

रोवी, मला भीती वाटली. भुताची नाही. त्या टपल्यांची.

एरॉल गेला त्या गुरुवारी तळ्यावर आधी दोनदा प्रयत्न फसला होता. मीठ खडबडीत, हात हादरायचा, खिट्टी निघायची, दोनशे पावलांत इंजिन बंद. एरॉल वैतागला. "लेका, दोरी आहे की माझी सासू? जरा कुठे वेग घेतला की मागे ओढते!" तिसऱ्या वेळी मी त्याच्या पाठीमागून हात घालून त्या दोरीला हँडलवर एक वेढा दिला आणि गाठ मारली. ट्रकवाल्यांची गाठ, तू नऊ वर्षांची असताना तुला शिकवली होती ना, तीच. म्हटलं, एकदाच त्याला मनसोक्त जाऊ दे. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने सोडायला लावली असती.

मग त्याच्या हेल्मेटवर दोन टपल्या मारल्या.

काय गेला गं तो! ओरडत गेला, पोरासारखा. थांबायचं निशाण मागे पडलं. मग दिसलं की त्याचा डावा हात हिसके खातोय. मला वाटलं, हात हलवतोय. मीही हात हलवला. पुन्हा हिसका. पुन्हा. सात मोजले मी, आणि सातव्याला कळलं. दोरी खिट्टीला ओढतच नव्हती, हँडलला ओढत होती, आणि मनगट बांधलेलं म्हणून त्याला उडीही टाकता येत नव्हती. तळ्याच्या त्या टोकाला मिठाचा पापुद्रा पातळ आहे, खाली काळा चिखल. पुढचं चाक रुतलं.

मी पोचलो तेव्हा तो गेला होता. दोरी मी दोन्हीकडून कापून खिशात घातली आणि मग फोन केला. दोरी बांधली होती का, असं पोलिसांनी विचारलं. "मी पाहिलं नाही," म्हणालो. तीन वर्षं तू तुझ्या बापाला दोष देत राहिलीस आणि मी चहा पीत राहिलो.

ती दोरी माझ्या तंबाखूच्या डबीत आहे. पहिल्यांदा गाठ सोडवायला स्क्रू-ड्रायव्हर घालावा लागला, इतकी आवळलेली. सोडवून, सरळ करून डबी बंद केली. पुढच्या गुरुवारी उघडली तर तीच गाठ, तितकीच घट्ट. किती वेळा सोडवली ते आता आठवतही नाही.

सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन हे सगळं लिहून देणार आहे. पण आधी तुला. आज मॅव्हिससमोर गाठ सोडवीन, दोरी सरळ करून पाकिटात ठेवीन, पाकीट तीच चिकटवेल. तुझ्यापर्यंत ती सरळ पोचली तर मला म्हातारचळ लागलाय असं समज. गाठ असेल तर घाबरू नकोस. बोट लावून बघ, किती जोर लागला असेल ते.

त्याला परत यायचं होतं, रोवी. सात वेळा यायचं होतं. गाठ मी मारली. आवळली त्याने.

स्वतःला तुझा काका म्हणवायला आता धजत नसलेला,
डेस