पतंग निरीक्षण मंडळ, खोली क्रमांक नऊ

३ जानेवारी, सकाळ
हॉस्टेलच्या बाथरूममध्ये, ट्यूबलाइटखालच्या भिंतीवर, एक पतंग आढळला. नखाएवढा. पंख फिकट मातकट, त्यांवर दोन नागमोडी रेषा, कडेला रुपेरी झालर. कीटकांच्या पुस्तकानुसार प्रसार: श्रीलंका, केरळ, कोकण. यवतमाळ नाही. म्हणजे पुस्तक अपूर्ण आहे. ते मी पूर्ण करणार.

रूममेट पायल म्हणाली, "काय पाहून राह्यली? झटक नं त्याले." जुलैपासूनचा आमचा हा सर्वांत दीर्घ संवाद.

५ जानेवारी
एकटीच्या नोंदीला विज्ञानात वजन नसते. दुसरा साक्षीदार हवा. याचा एकटेपणाशी काहीही संबंध नाही.

पायलला सांगण्यासाठी वाक्य पाठ केले. तिच्या कानांत इअरफोन होते. लेखी निवेदन अधिक भारदस्त, म्हणून नोटीस बोर्डावर लावले: 'पतंग निरीक्षण मंडळ. लहान पतंगांना प्राधान्य. रविवारी सायंकाळी पाच, गच्ची. वैष्णवी, खोली नऊ.' इकडे पतंगाला सरसकट 'पाखरू' म्हणतात; तो शब्द कटाक्षाने टाळला. गावी, बोरी अरबच्या शाळेत मी पहिली आले ती अचूक शब्दांमुळेच.

८ जानेवारी
प्रतिसाद अभूतपूर्व. मेसमध्ये निकिताने आपणहून विचारले, शेपटीवाले चालतील काय? काही पतंगांना शेपटी असते, हे तिला ठाऊक आहे. या मुलींना मी उगाच उथळ समजत होते.

पायलने विचारले, "कागदाचे का पन्नीचे?" प्लास्टिकसारखे नाहीत, कागदासारखेच, पण फार नाजूक, असे मी सांगितले. "मंग फाटतीन नं वं." खरे आहे. हाताळणीचे नियम करावे लागतील.

१२ जानेवारी, रविवार
'स्वरूप आणि प्रसार' हे माझे भाषण होऊ शकले नाही. अर्धे हॉस्टेल गच्चीवर आले, आणि प्रत्येकीच्या हाती संक्रांतीचा पतंग होता. उडवायचा.

खुलासा करणे माझे कर्तव्य होते. तेवढ्यात पायलने मांज्याची चक्री माझ्या हातात दिली. "धर. ढील दे म्हटलं की दे. तू तं बोलतच नाही, अन् डायरेक्ट मंडळ काढते." सगळ्या हसल्या. मीही. खुलासा पुढील सभेत करीन.

१३ जानेवारी
बाथरूमची भिंत स्वच्छ. सफाईवाल्या हंसाबाई म्हणाल्या, "पाखरू होतं, पाणी मारलं." फोटो चांगल्या प्रकाशात काढावा म्हणून थांबले होते. हरकत नाही. मंडळ आहे.

१९ जानेवारी, रविवार
मंडळाची दुसरी सभा. पाचला गच्चीवर पोहोचले. संक्रांत झाल्यामुळे उपस्थिती कमी राहील, हे गृहीत धरले होते. अंधार पडू लागला तशी खाली आले.

पायल मोबाइल पाहत होती. "कुठं गेलती?"

वाळलेले कपडे आणायला, असे मी सांगितले. हातात एकही कपडा नव्हता. तिने मान वर केली नाही.